घाटात खालचा गिअर टाकताना क्लच कसा वाचवावा

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बालाघाटाचा चढ लागतो आणि गाळपाच्या हंगामात तिथे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हमखास पुढे असतो. चौथ्या गिअरमधली कार धापा टाकू लागते, चालक घाईने तिसरा टाकून क्लच सोडतो आणि गाडी क्षणभर नाक खाली घालून मग पुढे सरकते. त्या धक्क्यातच क्लचची झीज होत असते.

गाडीचा वेग तोच राहून गिअर खालचा आला की इंजिनाला जास्त वेगाने फिरावे लागते. चौथ्याचे गुणोत्तर, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर निघणाऱ्या दांड्याच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या, १ आणि तिसऱ्याचे १.३ असेल, तर मिनिटाला २००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाला तिसऱ्यात २६०० फेऱ्या घ्याव्या लागतात. ही ६०० फेऱ्यांची तफावत चालकाने ॲक्सिलेटरने भरली नाही, तर क्लच प्लेट स्वतः घासली जाऊन ती भरून काढते. म्हणून क्लच पूर्ण दाबावा, दांडी न्यूट्रलमधून तिसऱ्याकडे बोटांच्या जोराने न्यावी, आत ओढली जाईपर्यंत अर्धा क्षण थांबावे, ॲक्सिलेटरला हलकी टिचकी देऊन इंजिनाचा आवाज थोडा चढू द्यावा आणि त्याच क्षणी क्लच सोडावा. नीट जमले तर शेजारी बसलेल्याला गिअर बदलल्याचे केवळ आवाजावरून कळते. टिचकी किती द्यायची हे पुस्तकातून कळत नाही. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा चौथा-तिसरा केला की पायालाच समजते.

मात्र या टिचकीने गिअरबॉक्सही वाचतो, असा समज आहे, तो बरोबर नाही. क्लच दाबलेला असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंधच तुटलेला असतो, त्यामुळे दातांचा वेग जुळवण्याचे काम सिंक्रोनायझरच्या रिंगलाच करावे लागते. तिचा भार हलका करायचा असेल, तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यावी आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावा. जुन्या ट्रकचालकांचा डबल क्लच तो हाच. धडधाकट गिअरबॉक्सच्या कारला त्याची रोज गरज नसते.

सपाट रस्त्यावर टोलनाका आला म्हणून पाचवा, चौथा, तिसरा असे एकेक गिअर उतरवत गाडी थांबवणे मला पटत नाही. ब्रेक पॅड चाक काढले की बदलता येतात, क्लच प्लेटसाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तेव्हा वेग ब्रेकने कमी करावा आणि पुन्हा निघताना लागेल तोच गिअर थेट टाकावा. उताराची गोष्ट वेगळी आहे. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना, वळण येण्याआधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून ठेवावा. एकदा क्लच सुटला की तो झिजत नाही, इंजिन गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. न्यूट्रलवर उतरून इंधन वाचवणारे महाभाग आजही भेटतात. प्रत्यक्षात फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गिअर पडलेला आणि ॲक्सिलेटर सोडलेला असताना इंधन बंद होते, तर न्यूट्रलमध्ये ते जळतच राहते.

सर्वांत महागडी चूक म्हणजे पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडणे. पाचव्याचे गुणोत्तर ०.७५ आणि दुसऱ्याचे १.९ असेल, तर २८०० फेऱ्यांवरून इंजिन ७००० च्या वर फेकले जाते. अशा वेळी इंजिनाची वेगमर्यादा राखणारी यंत्रणाही उपयोगी पडत नाही, कारण ती फक्त इंधन तोडू शकते आणि इथे इंजिनाला चाके फिरवत असतात. गाडी मागे ओढू लागताच क्लच दाबावा.

माझी पहिली क्लच प्लेट मेकॅनिकने हातात दिली तेव्हा अस्तर रिबिटांच्या डोक्यांपर्यंत उतरले होते आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या ज्या चकतीवर प्लेट टेकते तिच्यावर, निळे डाग पडले होते. लक्षण मात्र कधीपासून दिसत होते: चौथ्यात ताशी ४० वर ॲक्सिलेटर दाबला की आवाज चढायचा, वेग वाढायचा नाही. याउलट एखाद्याच गिअरला कर्रकन आवाज येत असेल आणि डबल क्लच केल्यावर तो थांबत असेल, तर दोष सिंक्रोनायझरचा समजावा. गिअरबॉक्स एकदा उतरवलाच, तर प्लेटसोबत तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि क्लच दाबल्यावर ती पकड सोडवणारे रिलीज बेअरिंगही बदलून घ्यावे, नाहीतर हीच मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते.