जीसीसी बांधताना असेंब्लर-लिंकरची चौकशी कुठे फसते? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आर्म लिनक्ससाठी जीसीसीचा क्रॉस कंपायलर (एका जातीच्या मशीनवर चालून दुसऱ्या जातीच्या मशीनचा कोड बनवणारा) बांधायला घेतला होता. फौंड्रीतल्या मशिनींच्या कंट्रोलर बोर्डांसाठी. बाहेर धो धो पाऊस, मधे दोनदा लाईट गेली, यूपीएसनं कसाबसा तग धरला. मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्राम) एकदा लिबजीसीसी या जीसीसीच्या स्वतःच्या लायब्ररीपाशी अडलं, मग पुढं सरकलं आणि संध्याकाळी संपलं. दुसऱ्या दिवशी पहिलाच खरा प्रोग्राम लिंक करायला गेलो, तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, आणि व्हेरिएबलच्या नावाआधी चिकटलेलं ‘इम्यूटीएलएस’. खानापूरहून रोज येणारा आमचा ट्रेनी पोरगा म्हणाला, "सर, मी लायब्ररीचा पाथ तेवढा दिलो, बाकी काय बदललो नाही की!"

तो खरंच बोलत होता. घोटाळा त्या ‘पाथ तेवढा’मध्येच होता.

कॉन्फिगर, म्हणजे बांधण्याआधी सिस्टिम तपासणारी स्क्रिप्ट, विचारतं कसं ते आधी बघू. जीसीसीला समोरचा असेंब्लर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) काय काय जाणतो हे ठाऊक नसतं. म्हणून कॉन्फिगर चार-पाच ओळींची असेंब्ली लिहून कॉन्फटेस्ट नावाची फाईल बनवतं आणि असेंब्लरपुढं टाकतं. सीएफआय डायरेक्टिव्ह (स्टॅक उलगडण्याच्या सूचना) कळतात का, थ्रेड-लोकल स्टोरेज, म्हणजे टीएलएस (प्रत्येक थ्रेडला व्हेरिएबलची वेगळी प्रत), जमतं का, कॉमडॅट ग्रुप (दुहेरी आलेला कोड एकदाच ठेवण्याची सोय) कळतात का, असे एकेक प्रश्न. एक्झिट कोड शून्य आला की ‘येस’, दुसरं काहीही आलं की ‘नो’. ही उत्तरं बिल्ड डिरेक्टरीच्या जीसीसी फोल्डरमध्ये ऑटो-होस्ट डॉट एच या फाईलीत जातात आणि तिथून कंपायलरच्या पोटात कायमची बसतात.

गोची त्या ‘दुसरं काहीही’मध्ये आहे. असेंब्लरला ते फीचर येत नाही म्हणून ‘नो’, आणि असेंब्लर मुळात सुरूच झाला नाही म्हणूनही ‘नो’. दारावर टकटक केली, कुणी उघडलं नाही, तर ‘घरात माणूसच राहत नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं, असला हा कारभार.

आमचे बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरेंचा संच) शेअर्ड लायब्ररी घालून बांधलेले होते. त्यामुळे क्रॉस असेंब्लरला चालायला त्यातलीच लिबऑपकोड्स लायब्ररी लागत होती आणि त्या टर्मिनलमध्ये लायब्ररीचा पाथ दिलेला नव्हता. टीएलएसच्या प्रश्नाला ‘नो’, सीएफआयला ‘नो’, सगळ्यालाच ‘नो’. कॉन्फिगरनं हूं की चूं केलं नाही. बोंब झाली ती थेट लिबजीसीसीच्या वेळी, कारण तिथं पहिल्यांदा आर्मचा खरा कोड असेंबल करायचा होता: ‘कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स’. हा निरोप जीसीसी बांधणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी खाल्लेला असतो, आणि त्यातल्या सफिक्सचा खऱ्या आजाराशी बहुतेक वेळा काडीचाही संबंध नसतो. पोरानं कारण बरोबर शोधलं, पाथ दिला, पुन्हा मेक मारलं. लिबजीसीसी झाली, पुढचंही झालं. पण जीसीसी फोल्डरमधली ती सगळी ‘नो’ तशीच राहिली. मेक ती चौकशी आपणहून पुन्हा करत नाही. टीएलएस नाही असं समजून आमचा कंपायलर इम्युलेटेड टीएलएस, म्हणजे तेच ‘इम्यूटीएलएस’, वापरू लागला, आणि बोर्डासोबत आलेली लायब्ररी खऱ्या टीएलएसनं बांधलेली. दोघांचं जुळणार कसं?

अर्धवट बिल्डवर पुन्हा मेक मारू नका

असेंब्लर किंवा लिंकरमध्ये (ऑब्जेक्ट फाईली जोडून प्रोग्राम बनवणारा) काहीही बदललं, म्हणजे पाथ, व्हर्जन, सिमलिंक, तर बिल्ड डिरेक्टरी पूर्ण उडवा आणि कॉन्फिगरपासून सुरू करा. तीन तास गेले तर गेले. जुनी उत्तरं साठवणारी कॉन्फिग डॉट कॅशेही त्याच डिरेक्टरीत असते, तीही जाऊ दे. बिल्ड डिरेक्टरी सोर्सपासून वेगळी ठेवली असेल तर उडवताना हात कापत नाही.

लॉग बघा, पण बरोबर जागचा

सगळ्यात वरच्या डिरेक्टरीतला कॉन्फिग डॉट लॉग उघडून ‘यात असेंब्लरच्या फीचरबद्दल काहीच नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. नसणारच. जीसीसी फोल्डरचं कॉन्फिगर मेक सुरू झाल्यावर चालतं आणि त्याचा लॉग बिल्ड डिरेक्टरीतल्या जीसीसी फोल्डरमध्ये असतो. त्यात ‘चेकिंग असेंब्लर फॉर’ शोधा आणि त्याखालच्या ओळी वाचा. अडाणी असेंब्लर ‘अननोन स्यूडो-ऑप’ म्हणतो. आमच्याकडं तिथं लिहिलेलं होतं की शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, आणि एक्झिट कोड १२७. म्हणजे फीचर नव्हतं असं नाही, परीक्षेला पोरगंच बसलं नव्हतं.

चौकशी एकाकडे, काम दुसऱ्याकडे

खानापूरला चौकशी करायची आणि कागद चिक्कोडीत द्यायचा, असला प्रकार. पाथमध्ये नवा असेंब्लर पुढं ठेवला म्हणून जीसीसी तोच घेईल हा भ्रम आहे. पाथ बघण्याआधी तो स्वतःत कोरलेल्या डिरेक्टऱ्या धुंडाळतो, आणि तिथं जुना असेंब्लर बसलेला असला तर तोच उचलतो. बांधलेल्या कंपायलरला प्रिंट-प्रॉग-नेम ऑप्शन देऊन एएस (असेंब्लर) आणि एलडी (लिंकर) दोन्ही विचारा. एका सेकंदात खरं काय ते कळतं.

कॉन्फिगरला ‘विथ-ग्नू-एएस’ दिला म्हणजे ग्नू असेंब्लर शोधला जातो असंही नाही. जो सापडेल तो ग्नूचा आहे असं फक्त गृहीत धरलं जातं. नसला तर गोंधळ तुमच्या गळ्यात. नेमका असेंब्लर हवा असेल तर ‘विथ-एएस’ला पूर्ण पाथ द्या. पण त्यातही एक मेख आहे: तो पाथ कंपायलरमध्ये कोरला जातो आणि दुसऱ्या मशीनवर त्या जागी फाईल नसली, तर कंपायलर तक्रार न करता नेहमीच्या शोधाला लागतो. आमच्या टेबलावर चाललेला कंपायलर निपाणीच्या गिऱ्हाइकाकडं भलताच असेंब्लर उचलतो तो असा.

क्रॉस बिल्डमध्ये एन्व्हायर्नमेंटमधला नुसता ‘एएस’ सेट करून उपयोग नाही, तो होस्टचा, म्हणजे कंपायलर जिथं चालणार त्या मशीनचा. टार्गेटसाठी, म्हणजे ज्याचा कोड बनवायचा त्या बोर्डासाठी, ‘एएस-फॉर-टार्गेट’ आणि ‘एलडी-फॉर-टार्गेट’ आहेत.

लिंकरच्या नावावर जाऊ नका

लिंकरच्या बाबतीत काही प्रश्नांची उत्तरं चालवून न बघता व्हर्जनच्या ओळीवरून ठरतात. एलएलडी या दुसऱ्या लिंकरची व्हर्जन ओळ बघा, ‘कम्पॅटिबल विथ ग्नू लिंकर्स’ असं त्यात मुद्दाम घातलंय, कारण लिबटूल या लायब्ररी बांधायच्या साधनाची कॉन्फिगर स्क्रिप्ट तिथं ‘ग्नू’ हा शब्द शोधते. पाटी बघून आत जाण्याचाच हा प्रकार. आणि पाट्यांचं राजकारण बेळगावकरांना कुणी शिकवावं! तेव्हा एलडीची सिमलिंक गंमत म्हणून एलएलडी किंवा मोल्ड (हाही लिंकरच) यांच्याकडं वळवून मग जीसीसी बांधू नका. आधी साध्या एलडीवर बांधा, नंतर ‘फ्यूज-एलडी’नं हवा तो लिंकर वापरा. जीसीसी ९ पासून एलएलडी आणि १२ पासून मोल्ड असा देता येतो. गोल्ड या जुन्या लिंकरच्या भरवशावर जुनी स्क्रिप्ट असेल तर तीही तपासा: २०२५ मधल्या बिनयुटिल्स २.४४ पासून नेहमीच्या टारबॉलमध्ये गोल्ड येत नाही.

आता आम्ही सरळ मेक मारत नाही. आधी ‘ऑल-जीसीसी’पर्यंतच, म्हणजे लायब्ररी सोडून कंपायलरपुरतंच, जातो, ऑटो-होस्ट डॉट एच उघडतो आणि टीएलएसची ओळ बघतो. डिफाइन असेल तर पुढं. कॉमेंटमध्ये अनडेफ दिसला तर पोरगा स्वतःच म्हणतो, "सर, उडवलो बघा डिरेक्टरी."