कोल्हापुरात भाड्याचं घर बघताय? आधी पाणी बघा

मार्च-एप्रिलात कोल्हापुरात घर बघायला निघालं की सगळीच घरं भारी दिसतात. भिंती कोरड्या, नवीन रंग मारलेला, खिडकीतनं वारं येतंय, मालकीणकाकू चहा टाकतात आणि आपण तिथंच पाघळतो. मी पण असाच पाघळलो होतो. पहिलं घर तळमजल्यावरचं घेतलं, रंगाचा वास पण गेला नव्हता. जुलैत कपाट जरा पुढं ओढलं तर मागं भिंतीवर हातभर काळा डाग, आणि खाली डब्यात जपून ठेवलेल्या कापशी चपलेवर पांढरी बुरशी, जी चप्पल मी लग्नात एकदाच घातली होती. तेव्हापासून कुणाबरोबर घर बघायला गेलो की हॉल केवढा आणि ओटा ग्रॅनाईटचा का कडाप्प्याचा हे नंतर, आधी पाणी बघतो. पुराचं, नळाचं आणि भिंतीतलं. ह्या तिन्हीत घर पास झालं तरच भाड्याचं बोलायचं.

आधी पूर. बाहेरगावचं माणूस म्हणतंय, ‘नदी तर तिकडं लांब आहे’. लांब काही नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला तर 56 च्या पण वर. शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग, जयंती नाल्याच्या कडंची घरं, ह्या भागांनी पाणी बघितलंय. म्हणून ते एरिया वाईट असं अजिबात नाही, शाहूपुरीसारखी स्टँडजवळची सोय दुसरीकडं मिळत नाही. पण एकाच एरियात खालच्या गल्लीत होडी फिरत असते आणि वरच्या गल्लीत माणसं गॅलरीत बसून भजी खात असतात, त्यामुळं एरियाचं नाव विचारून भागत नाही, त्या बिल्डिंगचं विचारायला लागतं.

आणि ते एजंटला विचारायचं नाही. एजंटच्या हिशोबानं कोल्हापुरात कुठंच पाणी येत नाही. गल्लीतल्या किराणा दुकानात जायचं, काहीतरी दहा-वीस रुपयाचं घ्यायचं आणि विचारायचं, ‘मामा, एकवीसला पाणी कुठवर आलतं?’ एकदा मित्राबरोबर गेलतो तर दुकानदार मामा एक शब्द बोलले नाहीत, नुसतं शटरवर बोट ठेवलं, कुलपाच्या वर वीतभर. बघायचं घर बरोबर समोर. मित्रानं मालकाला फोन करून सांगितलं, ‘काका, आज जमत नाही’.

दुकान बंद असेल तर बिल्डिंगच वाचायची. लाईटचे मीटर नेहमीपेक्षा उंच, डोक्याच्या वर बसवलेत का, कंपाउंडच्या भिंतीवर आडवी मातकट रेघ दिसते का, जिन्याखालच्या लोखंडी दाराला खालनं एका सरळ रेषेत गंज चढलाय का. दुसरा-तिसरा मजला घेतला की प्रश्न मिटला असं पण धरू नका. पाणी घरात येत नाही खरं, पण खाली वेढा पडला की लाईट बंद, लिफ्ट बंद, गाडी पार्किंगमध्ये बुडलेली आणि आपण वर मेणबत्ती लावून बसलेलो. शिरोली एमआयडीसीत कामाला असाल तर अजून एक गोष्ट, 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेच पाण्याखाली जाऊन बंद झालता, म्हणजे घर कोरडं असून पण ड्युटीला जाता येत नाही. गोकुळ शिरगावला असाल तर उजळाईवाडी, सरनोबतवाडी, आर. के. नगर ही बाजू त्या मानानं बरी, उंचावर पण आहे आणि जवळ पण.

पण उंचावर गेलं की दुसरं पाणी आडवं येतं, नळाचं. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव इकडं रस्त्याच्या अलीकडं शहर आणि पलीकडं ग्रामपंचायत असा प्रकार आहे. हद्दवाढीचं भांडण वर्षानुवर्षं चालूच आहे, त्यात आपण पडायचं नाही, आपण फक्त एवढं विचारायचं की ह्या घराला पाणी कॉर्पोरेशनचं, ग्रामपंचायतीचं का बोअरचं. भाडं कमी दिसलं तर नक्कीच विचारायचं. पाचगावात उन्हाळ्यात पाण्याची काय परिस्थिती असते ते तिथल्या कुठल्याही वहिनींना विचारा, त्या थांबून सगळं सांगतील, टँकरच्या रेटसकट.

मालक म्हणतो ‘पाणी भरपूर आहे’. भरपूर म्हणजे काय? किती वाजता येतं, रोज का दिवसाआड, थेट वरच्या टाकीत चढतं का खाली हौदात पडून मोटर लावायला लागते, मोटर कोण चालू करतं आणि तिचं बिल कोणाच्या मीटरवर. शक्य असेल तर पाण्याच्या टायमालाच घर बघायला जा, मग ते सकाळी सहा का असेना. नळ सोडून बादली किती वेळात भरते बघा. मालक जरा विचित्र नजरेनं बघतो, बघू दे. आणि गंमत म्हणजे 2019 आणि 2021 च्या महापुरात नदी गल्लीत होती आणि नळ कोरडा होता, कारण शिंगणापूर, बालिंगा इकडची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेलती. त्यामुळं घरात टाकी आणि साठवायला जागा किती हे उंचावरच्या माणसानं पण बघायचंच.

तिसरं भिंतीतलं पाणी, ज्यानं माझी चप्पल खाल्ली. सगळं घर नवं रंगवलेलं असेल तर ठीक, पण एकच भिंत किंवा एकच कोपरा नवा दिसत असेल तर तिथं हात लावून बघा, गार लागतंय का, टिचकी मारली तर पोपडा उडतोय का. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीच्या खालचा भाग, वरच्या मजल्यावर असाल तर स्लॅब आणि पंख्याच्या हुकाभोवतीचा पिवळा गोल डाग. लोफ्टमध्ये डोकं घालून वास घ्या, कुबट वास रंगानं जात नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यात खोली घेत असाल तर कौलं कधी चाळली ते विचारा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत माणसं जीव लावतात, रात्री बारा वाजता पण कुणीतरी दवाखान्यात न्यायला येतं, पण पार्किंगची बोंब आणि गणपतीत साऊंड छातीवर बसतो. फुटबॉलच्या सीझनला तुम्ही कुठल्या टीमचे हे पण गल्लीच ठरवते.

लाईटचं थोडक्यात. वेगळा मीटर असेल तर उत्तम. मालकाच्याच मीटरवर सबमीटर असेल तर लक्षात ठेवा, महावितरणचा घरगुती दर 100 युनिट, 300 युनिट असा टप्प्याटप्प्यानं वाढतो, म्हणजे दोन घरांचे युनिट एकत्र झाले की वरचा दर लागतो आणि तो आपल्याकडून पण घेतला जातो. युनिटला किती रुपये हे आधीच ठरवून घ्या.

खाण्याचं पण आधीच बोला. ‘आमच्यात चालत नाही’ असं म्हणणारे मालक आहेत, त्यांचं घर, त्यांचा नियम, पण कोल्हापुरात राहून रविवारी तांबडा-पांढरा करता येत नसेल तर ते भाडं मला तरी महागच वाटतं. बॅचलर असाल तर पाहुणे, रात्रीची वेळ, गेटची किल्ली, हे पण तोंडावर विचारून घ्या.

आता कागद. इथं बरेच मालक म्हणतात, ‘कशाला रजिस्टर, आपण घरचेच की, नोटरी करू’. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, नाही केला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला भांडून नाही, चहा पिताना सांगायचं, लगेच तयार होतो. खर्च पण फार नाही. समजा भाडं 8,000, डिपॉझिट 30,000, मुदत 11 महिने. भाड्याचे 88,000, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी 11 महिन्यांचे 2,750, दोन्ही मिळून 90,750, त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. नोंदणी फी कॉर्पोरेशनच्या हद्दीत 1,000, ग्रामपंचायतीत 500. आधार आणि अंगठा लावून ऑनलाईन होतो, एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याचे पैसे वेगळे. ते अर्धे-अर्धे का कसं, तुम्ही बघा.

करारात सोडायची नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहून घ्या. रंगाचे पैसे कापणार का हे पण. माझ्या त्या ओल धरलेल्या घराच्या मालकानं सोडताना त्याच काळ्या डागासाठी डिपॉझिटमधले चार हजार कापले, म्हणाले कपाट भिंतीला चिकटवून ठेवल्यामुळं झालं. माझ्याकडं आधीचा एक फोटो नव्हता. आता किल्ली हातात आली की सामान आत घेण्याआधी मोबाईलवर सगळ्या घराचा व्हिडिओ करतो, भिंती, नळ, खिडक्यांच्या काचा, मीटरचं रीडिंग, आणि मालकांसमोरच त्यांना पाठवतो, खाली लिहून, ‘काका, आज ताबा घेतला’.