एडिनबरोच्या महोत्सवातून सुटी काढून सेंट अँड्र्यूजला गोल्फ कसा खेळावा

ऑगस्टमध्ये एडिनबरोला फ्रिंज महोत्सवात नाटक घेऊन गेलात किंवा नुसते बघायला गेलात, तरी तीन आठवड्यांत एक दिवस मोकळा काढता येतो. बरेच प्रयोग सोमवार ते बुधवारच्या दरम्यान एक दिवस बंद असतात, तोच धरा. रविवार नको. सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर त्या दिवशी एरवी खेळ बंद असतो आणि लोक तिथे कुत्री फिरवतात.

आधी अर्ज. ओल्ड कोर्सची बॅलट म्हणजे आपल्या म्हाडासारखी सोडतच. बुधवारी खेळायचं तर सोमवारी दुपारी 2 च्या आत नावं गेली पाहिजेत. किमान दोघं, जास्तीत जास्त चौघं. एकट्यांसाठी वेगळी सोडत असते, पण तिच्यासाठी आदल्या दिवशी स्वतः सेंट अँड्र्यूजला जावं लागतं. म्हणजे एका सुटीचे दोन दिवस झाले. त्यापेक्षा नाटक कंपनीतला एखादा गोल्फ खेळणारा गाठा. हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, पुरावा सोबत हवा. भारतातून निघतानाच आपल्या गोल्फ क्लबकडून घेऊन ठेवा, तिथे पोहोचल्यावर ईमेलांची धावपळ होते. हंगामात फी तीनशे पौंडांच्या वर जाते, शिवाय कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) वेगळा.

नंबर लागला नाही तर? लागत नाही, असंच धरून चाला. शेजारीच न्यू कोर्स आहे. नाव न्यू, पण आहे 1895 चा. त्याची किंवा ज्युबिली या तिथल्याच दुसऱ्या कोर्सची वेळ आधी विचारून ठेवा.

एडिनबरोच्या वेव्हर्ली स्टेशनहून लूकर्सपर्यंत रेल्वेने साधारण एक तास. सेंट अँड्र्यूजला स्टेशनच नाही, लूकर्सला उतरून बसने दहा-पंधरा मिनिटं. फेरीला चार तास लागतात. संध्याकाळी प्रयोग असेल तर हा बेत आखूच नका, कारण एक गाडी चुकली की सगळंच कोलमडतं. क्लबांची (गोल्फच्या काठ्यांची) बॅग एडिनबरोच्या गर्दीतून ओढू नका, सेट तिथे भाड्याने मिळतो. बूट मात्र स्वतःचे न्या, आणि ऑगस्ट असला तरी वाऱ्याला अडवणारं जाकीट आणि पावसाळी हातमोजे.

आता खेळ. ऑगस्टात पुण्यातली जमीन मऊ असते, चेंडू पडला तिथेच बसतो. इथली लिंक्सची, म्हणजे समुद्रकाठच्या मैदानाची, वाळूमिश्रित जमीन टणक, चेंडू पडल्यावरही घरंगळत राहतो. म्हणून ग्रीनजवळ (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ) उंच फटका मारण्यापेक्षा पटर, म्हणजे चेंडू घरंगळवायचा क्लब, घ्या. ग्रीनच्या वीस यार्ड बाहेरूनही चालतो.

पहिलं होल 376 यार्डांचं. मागे क्लबहाउस, बघायला माणसं, त्यामुळे हात थरथरतो. फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) अठराव्या होलशी जोडलेला, अवाढव्य रुंद आहे, तेव्हा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) ठेवून द्या आणि डावीकडे निशाणा धरा, उजवीकडे चेंडू हद्दीबाहेर जातो. खरा धोका पुढे आहे. स्विल्कन ओहोळ ग्रीनला खेटून वाहतो, दुसरा फटका आखूड पडला की थेट पाण्यात. अंतर मोजून एक पायरी लांब फटक्याचा क्लब घ्या. क्लबहाउसकडे परत येणाऱ्या होल्सवरही उजवीकडे भिंत, रस्ता, हॉटेल, म्हणून चुकायचंच तर डावीकडे चुका.

कोर्सवर 112 बंकर (वाळूचे खड्डे) आहेत, आणि काही इतके खोल की समोरची मातीची भिंत डोक्याशी येते. तिथे हट्टाने पुढे मारलेला चेंडू भिंतीला लागून पायाशी परत येतो. आडवा किंवा चक्क मागे काढा. सतराव्याच्या रोड बंकरमध्ये तर हा सल्ला विसरूच नका.

आणि गावाबाहेर पडायला जमलंच नाही, तर एडिनबरोतच मेडोज मैदानाला लागून ब्रंट्सफील्ड लिंक्स आहे. उन्हाळ्यात 36 छोटी होल्स, खेळायला पैसे लागत नाहीत. एक वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब), एक पटर आणि दोन चेंडू खिशात टाकून दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात जाऊन येता येतं.