पगार, साहेब आणि वार्षिक अहवाल: पंचायत-पालिकेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

गोव्यात कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा काढून एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, झालात की आधी पगाराचं गणित समजून घ्या. सातव्या वेतन आयोगात लेव्हल 2 चं सुरुवातीचं मूळ वेतन 19,900. वर्षाला 3 टक्के वाढ, म्हणजे पुढे 20,500. शंभर फायली निकाली काढणाऱ्यालाही तेवढीच वाढ आणि दहा काढणाऱ्यालाही. दुसऱ्या वर्षी उत्साह ओसरतो तो यामुळे. तुमचा त्यात दोष नाही.

काम पुढे सरकतं ते साहेबामुळे. पालिकेत मुख्याधिकारी प्रलंबित फायलींची नोंदवही आठवड्याला बघत असेल, तर घरपट्टीची वसुलीही होते, दाखलेही वेळेत जातात. फाईलवर नुसतं ‘चर्चा करावी’ लिहून ती परत पाठवणारा साहेब असेल, तर चांगला कारकूनही महिन्याभरात थंड पडतो. पंचायतीत सचिवाची ओढाताण वेगळीच: रोज समोर सरपंच, वर गटविकास अधिकारी. तोंडी आदेश आला की त्याच दिवशी नोटिंगमध्ये उतरवा.

आता खरा सापळा. वार्षिक कामगिरी अहवाल, ज्याला ऑफिसात अजून सगळे ‘सीआर’च म्हणतात. नेहमीची वाढ त्यावर अडत नाही, म्हणून नवे लोक तिकडे बघतच नाहीत. पण बढती मिळाली नाही तर 10, 20 आणि 30 वर्षांनी जी वरची लेव्हल मिळते, त्या एमएसीपीच्या वेळी हेच अहवाल काढले जातात. केंद्राने जुलै 2016 पासून त्यासाठी ‘अतिउत्तम’ शेरा लागेल असं ठरवलं. 10 पैकी 6 च्या खाली गुण गेले की तो हुकतो. अहवाल लिहायला साहेबाने तुमचं काम किमान तीन महिने पाहिलेलं असावं लागतं. वर्षात साहेब दोनदा बदलला, किंवा ओळखीने तुम्हीच बदली करून घेतलीत, तर वर्षाचे तुकडे पडतात आणि एखादा तुकडा कोणीच लिहीत नाही. दहा वर्षांनी तो कागद भरून घ्यायला जावं, तर साहेब तोवर निवृत्त झालेला असतो. म्हणून ओळखीच्या बदलीचा मोह धरू नका.

घाबरू नका, उपाय सोपा आहे. साहेबाची बदली निघाली की तो कार्यभार सोडण्याआधी त्याच्याकडून आपल्या अहवालाचा तेवढा भाग लिहून घ्या. अहवालात तुम्ही स्वतः भरायच्या स्वयंमूल्यांकनात ‘सोपवलेली कामे केली’ असं लिहू नका. आलेले अर्ज किती, निकाली किती, उरलेले कशामुळे, हे आकड्यांत लिहा. 15 एप्रिलच्या आत द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक घ्या. हेडक्लार्क जुना, सरळ माणूस असेल तर पहिला मसुदा त्यालाच दाखवा. प्रशिक्षणवर्गापेक्षा तो जास्त शिकवतो. अहवाल हातात आल्यावर शेरा पटला नाही, तर 15 दिवसांत लेखी म्हणणं मांडता येतं. सोळाव्या दिवशी ते कोणी विचारात घेत नाही.