हुबळीहून ‘सिंक इल्ल’ असा फोन येऊ नये म्हणून: टाइमकोड वाचताना या चुका टाळा

खानापूर भागातल्या एका कीर्तनाचं सव्वा तासाचं शूटिंग होतं. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या खोलीत एडिट झालं आणि आवाजाच्या कामासाठी हुबळीला गेलं. आवाजाचे साठ-सत्तर तुकडे वेगळ्या वेव्ह फाइली करून दिले होते. कुठला तुकडा कुठे बसतो ते एक्सएमएलमध्ये, म्हणजे एडिटची माहिती असलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये, होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन: "सर, सिंक इल्ल (आवाज जुळत नाही)." सुरुवात चोख, पण चाळीस मिनिटांनंतर बुवांचे शब्द आधी ऐकू येतात आणि ओठ मागाहून हलतात. फरक जवळजवळ अडीच सेकंदांचा. हुबळीच्या साउंडवाल्याने माझ्या रेकॉर्डरला नावं ठेवली, मी त्याच्या कॉम्प्युटरला. दोघंही चुकलो होतो.

एक्सएमएल नोटपॅडमध्ये उघडलं तर एका ओळीत टाइमबेस (सेकंदाला किती फ्रेम) ३० आणि तिच्या खालच्या ओळीत एनटीएससी (अमेरिकी टीव्हीची पद्धत), ट्रू. तुकडे बसवायला त्याने एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, वापरली होती आणि ती पहिली ओळ वाचून मोकळी झाली होती. खरं तर टाइमबेस ३० आणि एनटीएससी ट्रू म्हणजे ३०००० भागिले १००१, अर्थात २९.९७. २४ आणि ट्रू असेल तर २४००० भागिले १००१, म्हणजे २३.९७६. एनटीएससी फॉल्स असेल तरच आकडा जसाच्या तसा घ्यायचा. आमच्या एका तुकड्याची सुरुवात ७२००० व्या फ्रेमवर होती. ३० ने भागलं की बरोबर २४०० सेकंद, २९.९७ ने भागलं की २४०२.४. अडीच सेकंद गेले कुठे, त्याचं हे उत्तर.

फाइलमध्ये वेळ नसते, फ्रेमची मोजणी असते. भाजक चुकला की वेळ चुकली. शिवाय कॅमेऱ्याच्या मेनूत ३० लिहिलेलं असलं तरी एनटीएससीवर तो बहुधा २९.९७ च रेकॉर्ड करतो, ६० चं ५९.९४ होतं. आपल्याकडे टीव्ही २५ चा आणि वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेरा हातात आला की आधी पाल, म्हणजे २५ ची पद्धत, निवडा. कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली फ्लिकर कमी येतो, हा वरचा फायदा.

बरेच जण स्क्रिप्टमध्ये सरळ २९.९७ लिहितात. तासाभराच्या व्हिडिओत त्याने काही बिघडत नाही, दहा तासांत जेमतेम एका फ्रेमचा फरक पडतो. तरीही अपूर्णांकच ठेवा. नव्या फायनल कटच्या एक्सएमएलमध्ये फ्रेमची लांबी १००१/३००००, अशी अपूर्णांकातच असते.

ईडीएल, म्हणजे कटांची साधी टेक्स्ट यादी, आली तर जास्त सावध राहा. तिच्यात ड्रॉप की नॉन-ड्रॉप एवढं लिहिलेलं असतं, फ्रेम रेट मात्र नसतो. टाइमकोड असतो तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा; ००:००:१०:१२ म्हणजे २५ वर २६२ वी फ्रेम, ३० वर ३१२ वी. मग ओळखायचं कसं? शेवटच्या दोन आकड्यांवर नजर फिरवा. कुठेही २५ ते २९ दिसलं तर ती फाइल २५ ची असूच शकत नाही. सगळी फाइल पाहूनही २४ च्या पुढे काहीच नसेल तर ती बहुतेक २५ ची. बहुतेक म्हणायचं कारण, चार ओळींच्या ईडीएलवरून काही ठरत नाही. पाठवणाऱ्यालाच फोन लावा.

ड्रॉप-फ्रेमच्या नावावरून घाबरू नका, चित्रातली एकही फ्रेम जात नाही. गाळले जातात ते नंबर: प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१, दर दहाव्या मिनिटाला सोडून. तासाला असे १०८. म्हणून ००:००:५९;२९ नंतर थेट ००:०१:००;०२ येतं. मधला अर्धविराम ही त्याची खूण. २५ च्या कामात हा प्रकारच नसतो.

आपल्या गावचा खास घोटाळा मध्यरात्रीचा. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक उजाडेपर्यंत चालते. टाइमकोड घड्याळाप्रमाणे लावला असेल तर २३:५९:५९:२४ च्या पुढे ००:००:००:०० येतं. बिनमध्ये (एडिटमधल्या क्लिपच्या फोल्डरमध्ये) टाइमकोडप्रमाणे क्रम लावला की पहाटेचे रथ संध्याकाळच्या पूजेच्या आधी! बारा वाजता चालू असलेल्या क्लिपची लांबीही उणे निघते. गणित करणाऱ्याने क्लिप संपते त्या टाइमकोडमध्ये २४ तास मिळवायचे, म्हणजे २५ वर २१,६०,००० फ्रेम. मी आता संध्याकाळी सगळे कॅमेरे एकदम शून्यावरून फ्री रनला (रेकॉर्डिंग थांबलं तरी चालू राहणारा टाइमकोड) सोडतो, म्हणजे ती वेळच येत नाही.

मोबाइलच्या क्लिप आल्या की फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोड बघा. व्हेरिएबल असेल तर फ्रेम नंबरवरून वेळ काढताच येत नाही, कारण दोन फ्रेममधलं अंतरच सारखं नसतं. आधी हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट करून घ्या, मग एडिटला बसा. अर्धं एडिट झाल्यावर हे केलंत तर सगळे कट पुन्हा तपासावे लागतील. झांजपथकाच्या क्लिपमध्ये तपासणी सोपी: पहिल्या मिनिटातला झांजेचा एक ठोका आणि शेवटच्या मिनिटातला एक, आवाजाशी जुळवून पाहायचे. पहिला जुळतो आणि शेवटचा सुटतो, तर भानगड रेटची आहे. दोन्ही सारखेच सुटत असतील तर नुसती क्लिप सरकवा. सिंकसाठी प्रीमियरच्या इंटरप्रिट फुटेजला (क्लिप वेगळ्या रेटने वाचायची सोय) मात्र हात लावू नका. ते ५० ची क्लिप २५ वर आणून स्लो मोशन करण्यासाठी ठीक. २९.९७ ची मिरवणूक तिथे २५ केलीत तर सगळं पथक अंगात मरगळ आल्यासारखं चालतं.

दाविंची रिझॉल्व्हमध्ये नवा प्रोजेक्ट मुळात २४ वर उघडतो आणि टाइमलाइनवर क्लिप पडल्या की तिचा रेट बदलता येत नाही. पहिली क्लिप टाकताना तो रेट बदलायचा का विचारतो, तेव्हा न वाचता बटण दाबू नका. त्याची टाइमलाइन ०१:००:००:०० ला सुरू होते. ईडीएलमधून सेकंद काढताना तो एक तास वजा करायचा राहिला की सगळं तासाभराने पुढे जातं.

हुबळीला जाणाऱ्या प्रत्येक फोल्डरच्या नावातच मी आता लिहितो: २५, नॉन-ड्रॉप, सुरुवात एक तास. तिथल्या साउंडवाल्याने स्क्रिप्टमध्ये एनटीएससीची ओळही वाचायला लावली आहे.