टाकाऊतून ईस्टरची सजावट : नाशिकच्या उन्हात या चुका टाळा

शनिवारी रात्री दारावर बांधलेली अंड्यांची माळ रविवारी सकाळी प्रार्थनेहून परतेपर्यंत उंबऱ्यात विखुरलेली दिसावी, हा अनुभव घरी सजावट करणाऱ्या पुष्कळांना आलेला असतो. अशा वेळी दोष गोंदावर किंवा स्वतःच्या हातावर टाकला जातो. प्रत्यक्षात बिघाडाची मुळे बहुधा दोनच असतात. हाती घेतलेली जुनी वस्तू आधी कशासाठी वापरली होती हे पाहिलेले नसते आणि आता ती कोणत्या हवेत टांगली जाणार याचा विचार झालेला नसतो. सजावटीची जी छायाचित्रे आपण डोळ्यांसमोर ठेवतो ती बर्फ वितळू लागलेल्या देशांतली असतात, आणि आपल्याकडे त्याच सुमारास पळस झडू लागलेला असतो, द्राक्षबागांची तोड संपत आलेली असते व दुपारी गॅलरीच्या गजाला हात लाववत नाही.

ही सजावट एका दिवसापुरती आहे असे समजणे ही पहिली चूक. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा चर्चच्या पंचांगाचा नियम असल्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला आहे आणि २०२७ मध्ये २८ मार्चला. परंतु पुनरुत्थानाचा काळ त्या रविवारी संपत नाही. तो पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, ५० दिवस चालतो, आणि २०२६ मध्ये त्याची अखेर थेट २४ मे रोजी होते. १९व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपुरात काय किंवा नाशिकरोडच्या वसाहतींत काय, दारावरचे तोरण तेवढे दिवस राहावे अशी इच्छा असेल, तर ते एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांचे ऊन सोसणारे हवे. उलट बाजूची चूकही होते. उत्साहाच्या भरात पवित्र सप्ताहातच, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यातच, रंगीत माळा लावल्या जातात, आणि चर्चमधली वेदी वस्त्रे-सजावट काढून उघडी ठेवण्याच्या दिवसांत घर मात्र नटलेले दिसते. सर्व तयारी आधी करून खोक्यात ठेवावी आणि शनिवारी संध्याकाळी ती बाहेर काढावी, हे अधिक शोभते.

अंड्याची टरफले

सर्वाधिक फजिती येथेच होते, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो. अख्खे अंडे पोकळ करताना ते फुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच बारीक छिद्रे पाडून जोराने फुंकणे. वरचे छिद्र टाचणीएवढे असले तरी चालते, पण खालचे किमान ज्वारीच्या दाण्याएवढे हवे आणि त्यातून दाभण फिरवून आतला बलक मोडून घेतलेला हवा. तोंडाने फुंकूच नये. कच्च्या अंड्याच्या कवचावर आजाराचे जंतू असू शकतात. म्हणून अंडे आधी धुऊन घ्यावे आणि सुई नसलेल्या नव्या सिरिंजने वरून हवा सोडावी, म्हणजे आतील भाग आपोआप खाली उतरतो. तो त्याच दिवशी पोळ्यात किंवा भुर्जीत वापरून टाकावा.

रंगवलेल्या अंड्यांना चार दिवसांनी वास येऊ लागला, तर आतला पातळ पापुद्रा न धुता राहिला आहे असे समजावे. पोकळ अंड्यात साबणाचे कोमट पाणी भरून ते हलवावे, दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने विसळावे आणि मोठे छिद्र खाली करून एक पूर्ण दिवस कोरडे होऊ द्यावे. आपल्याकडची मार्च-एप्रिलची कोरडी हवा या एका कामात मात्र मोठी मदत करते. भुर्जीच्या गाडीवरून मागून आणलेल्या अर्ध्या टरफलांनाही हाच नियम लागू आहे, आणि ती आणल्याच दिवशी धुतली नाहीत तर मुंग्यांची रांग घरातल्या कोणाहीआधी तेथे पोहोचते.

रंगासाठी कांद्याच्या सालींसारखे स्वस्त साधन नाशिक जिल्ह्यात दुसरे नाही. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजारांत ज्या साली पायांखाली उडत असतात, त्यांपासून पिवळसर केशरी ते गडद तांबूस अशा छटा मिळतात, आणि पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरांमध्ये ईस्टरचे अंडे लालच रंगवण्याची प्रथा असल्यामुळे ही तांबूस छटा प्रसंगालाही साजते. दोन-तीन मुठी साली अर्धा लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळाव्यात, पाणी गाळून थंड करावे आणि त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालावे. येथपर्यंत सहसा चूक होत नाही. ती पुढे होते. पोकळ अंडे रंगात तरंगते आणि अर्धेच रंगते. त्यावर वाटी उपडी घालून ते दाबून ठेवण्याचा प्रयत्न फुटण्यात संपतो. सिरिंजने तेच रंगाचे पाणी आत भरावे, म्हणजे अंडे स्वतःच्या वजनाने बुडते. रंग डागाडागांनी बसला, तर कवचावर बोटांचे तेल राहिले होते असे समजून पुढचे अंडे साबणाने धुऊन घ्यावे. रंग गडद व्हावा म्हणून व्हिनेगर वाढवणे किंवा अंडे रात्रभर त्यात ठेवणे ही तर हमखास नुकसानीची वाट आहे, कारण कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आम्लात ते झिजते, आणि सकाळी हातात खरखरीत, हळवे टरफल येते. रंग गडद हवा असेल तर साली वाढवाव्यात.

हळदीचा पिवळा रंग पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतो आणि उन्हात आठवड्याभरात उडतो; त्यावर साबणाचे पाणी पडले तर तो लालसरही होतो, हे कपड्यावरच्या हळदीच्या डागामुळे प्रत्येक घराला ठाऊक आहे. हळदीची अंडी घरात, सावलीत ठेवावीत. बिटाचा गुलाबी रंग त्याहून अल्पायुषी आहे आणि माझ्या मते तो करण्याचा खटाटोपच करू नये.

अर्ध्या टरफलांत अळीव किंवा मोहरी पेरून हिरवे कोंब उगवणे ही वसंताची सर्वांत सुंदर आणि सर्वांत स्वस्त सजावट आहे. नवरात्रात घटाभोवती धान पेरणाऱ्या शेजाऱ्यांकडे ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांना त्याची रीत वेगळी सांगावी लागणार नाही. तरी दोन गोष्टी चुकतात. अळीव भिजला की बुळबुळीत होतो, आणि टरफलाला खाली छिद्र नसेल तर पाणी साचून दोन दिवसांत बी कुजते. छिद्र ठेवून ओलसर मातीवर बी नुसते पसरावे. दुसरे म्हणजे दिवसांचा हिशेब. मोहरी आणि अळीव झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, पेरले तर ईस्टरला हिरवे दिसतात, गहू मात्र दोन दिवस आधी पेरावा. टरफलात माती चमचाभरच मावत असल्याने ती आपल्या हवेत दुपारपर्यंत सुकते. म्हणून पाणी सकाळ-संध्याकाळ शिंपडावे आणि टरफले उन्हाच्या खिडकीत ठेवू नयेत.

द्राक्षवेलीच्या काड्या आणि द्राक्षाची खोकी

वेलीच्या काड्यांचे कडे विकत घेणे हे निदान नाशिककरांनी तरी करू नये. तोड संपल्यावर बागांत खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या कापून काढण्याची छाटणी, होते आणि बांधावर काड्यांचे ढीग पडतात. त्यांतील ताजी, हिरवट काडी सहज वळते. चार दिवस उन्हात पडलेली काडी मात्र कडकन मोडते. ईस्टर लवकर आला, तर ताजी छाटणी मिळेलच असे नाही. अशा वेळी सुक्या काड्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि सकाळी त्या ओल्या असतानाच कडे वळावे.

मी पहिले कडे केले तेव्हा ते वळल्याबरोबर त्यावर फुले आणि अंडी बांधली. पाचव्या दिवशी काड्या वाळून आकसल्या, सुतळी सैल झाली आणि सगळा साज एका बाजूला ओघळला. तेव्हापासून कडे आधी चार-पाच दिवस सावलीत वाळवतो, सुतळी पुन्हा आवळतो आणि मगच सजवायला घेतो. वेलीचे वळसेदार तणावे कापून टाकू नयेत. खरी शोभा त्यांचीच असते.

या काड्यांचे पूर्वायुष्य मात्र विसरता येत नाही. बागेवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, आणि काड्यांवर दिसणारे निळसर डाग बहुधा मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे असतात. शेवटची फवारणी कधी झाली हे बागायतदाराला विचारावे, हातमोजे घालून काड्या ब्रशने धुवाव्यात आणि लहान मुलांच्या हाती त्या धुतल्यानंतरच द्याव्यात. सैल झालेली साल खरवडून काढणेही आवश्यक आहे, कारण तिच्याखाली पिठ्या ढेकूण दडलेला असतो आणि तो घरातल्या जास्वंदीवर चढायला वेळ लावत नाही.

द्राक्षाची पुठ्ठ्याची खोकी कापून ससे, घरटी, क्रूस असे बरेच काही करता येते. निर्यातीच्या खोक्यात घडांवर एक पातळ कागदी गादी ठेवलेली असते, तिला ग्रेप गार्ड म्हणतात. तिच्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते आणि ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, ज्यामुळे बुरशी रोखली जाते. घड टिकवण्यासाठी ती उपयुक्त आहे, पण तो वायू डोळ्यांना आणि घशाला झोंबतो व दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरतो. पांढरीशुभ्र, मऊ दिसते म्हणून तिचा सशाच्या शेपटीसाठी उपयोग केलेला मी पाहिला आहे. ती सर्वप्रथम काढून टाकावी आणि खोके दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवावे.

पुठ्ठा रंगवल्यावर वाकडा होतो, याचे कारण साधे आहे. पाण्यातला रंग एकाच बाजूला लावला की ती बाजू आधी फुगते आणि वाळताना ओढली जाते. मागच्या बाजूलाही रंगाचा एक पातळ हात द्यावा आणि अर्धवट वाळल्यावर पुठ्ठा वजनाखाली ठेवावा. अंड्यांच्या कागदी ट्रेची फुले करताना ट्रे धुण्याचा मोह टाळावा, कारण तो लगदाच असल्यामुळे पाण्यात विरतो. विष्ठेचे डाग नसलेला ट्रे निवडून उन्हात वाळवणे पुरेसे असते.

गोंद, थर्माकोल आणि कापड

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद त्यातले पाणी उडून घट्ट होतो. म्हणून कागद, लाकूड, कापड यांना तो उत्तम धरतो आणि प्लॅस्टिकच्या बाटलीपासून कापलेल्या पाकळीवरून मात्र पापुद्र्यासारखा निघून येतो. बाटलीला छिद्र पाडून तारेने किंवा दोऱ्याने बांधणे केव्हाही चांगले. ग्लू गनचा तापलेला गोंद त्या पातळ पाकळीला सुरकुत्या पाडतो, आणि पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिलच्या दुपारी तोच गोंद पुन्हा मऊ पडून वस्तू निसटते. प्रारंभी उल्लेखलेल्या माळेचे अपराधी बहुतेक वेळा हेच असतात. जड वस्तू गोंदावर टांगू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. घरात जुना तुकडा पडलाच असेल आणि त्यावर स्प्रे पेंट मारला, तर त्यातील द्रावकाने तो डोळ्यांदेखत विरघळतो.

जुन्या साडीच्या त्रिकोणी पताका करताना कापड कोणते आहे हे आधी ओळखावे. एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धाग्याचा कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते, कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गुठळी होते. दुसऱ्या प्रकारच्या कापडावर कांद्याच्या सालीचा रंग नीट चढणार नाही आणि गरम इस्त्रीखाली ते चिकटेल. सुती कापड तुरटीच्या पाण्यात भिजवून मग रंगवावे. येवल्याची जुनी पैठणी विरली असेल, तर तिचा शाबूत काठ क्रूसाभोवती गुंडाळण्यासाठी ठेवावा. चांगली पैठणी पताकांसाठी कापणाऱ्याशी मात्र माझे पटणार नाही. क्रेप कागदाची फुले पांढऱ्या आच्छादनावर ठेवू नयेत, कारण फुलदाणीतले चार थेंब सांडले तरी त्यांचा रंग उतरतो, आणि ईस्टरला वेदीचे वस्त्र पांढरेच असते.

मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वितळवून टरफलांत ओतताना भांडे थेट गॅसवर ठेवणे धोक्याचे आहे. मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावा, जवळून हलू नये आणि उरलेले मेण मोरीत ओतू नये. रंगासाठी मेणखडू मिसळले तर वात तुंबते व ज्योत विझते. वाळलेल्या वेलीच्या कड्यात तर पेटती मेणबत्ती कधीही खोचू नये.

पेंटेकॉस्टनंतर सर्व उतरवताना गोंदाऐवजी सुतळी वापरल्याचा फायदा दिसतो. कागद, कापड, प्लॅस्टिक सुटे करून घंटागाडीत सुक्या कचऱ्यात देता येते आणि कोंबांची टरफले चुरून कुंडीत घालता येतात. चमकी आणि गोंद यांत एकत्र थापलेली वस्तू कशातच जात नाही. पोकळ अंडी पुढच्या वर्षासाठी ठेवायची असल्यास ती कागदी ट्रेमध्येच, प्रत्येक खाचेत थोडा कापूस घालून ठेवावीत, खोके पावसाळ्यात भिंतीपासून दूर, माळ्यावर असावे आणि त्यात डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा.