दुसरा हेलपाटा पडू नये म्हणून

रत्नागिरी जिल्ह्यातून जळगावला येऊन मला बावीस वर्षे झाली. विद्यापीठीय विभागाच्या कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले आणि आज अधीक्षक पदाचे काम पाहते. दरवर्षी कोकण, विदर्भ, मराठवाडा येथून नोकरीनिमित्त कोणी ना कोणी नव्याने येथे येते. प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात जे तोंडी सांगते, तेच येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी खान्देशचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा. 1990 साली पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन स्थापन झालेल्या आणि 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे आहे. आपल्या खिडकीसमोर उभा असलेला विद्यार्थी असोद्याचा असेल तर उद्या पुन्हा येऊ शकतो. पण तो धडगावचा किंवा अक्कलकुव्याचा असेल, तर सातपुड्यातून पहाटे निघून, एसटी बदलून, नंदुरबारहून ताप्ती मार्गाची गाडी धरून तो आलेला असतो. ‘उद्या या’ या दोन शब्दांची किंमत त्याच्यासाठी एका दिवसाची मजुरी आणि दोन वेळचे भाडे इतकी असते. त्याला दुसरा हेलपाटा पडू नये, यासाठी कार्यालयाची सारी शिस्त आहे, असे मी मानते.

मी नवीन असताना पाहिलेला एक प्रसंग सांगते. जून महिन्यात एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडिलांनी सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्यातील कागद एकेक करून टेबलावर सरळ केले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘सिंग’ होते, जातीच्या प्रमाणपत्रावर नव्हते. मी कागद परत करण्याच्या बेतात होते, इतक्यात आमच्या अधीक्षकांनी, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते आपल्याकडे घेतले. त्यांनी मुलीकडून साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र लिहून घेतले, पात्रता विभागाला दूरध्वनी करून ते चालेल याची खात्री केली, स्वतःच झेरॉक्स काढून आणल्या आणि नोंद माझ्याकडून करवून घेतली. बापलेक परतीच्या गाडीला वेळेत पोहोचले. कागद नाकारण्याआधी ‘याला दुसरा मार्ग आहे का?’ हे विचारायचे असते, हे मी त्या दिवशी शिकले.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. विभागाचे कार्यालय लहान असते, म्हणून आवक-जावक, प्रवेश, अंतर्गत गुण, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची मानधन देयके, अभ्यास मंडळाच्या बैठकांची कागदपत्रे आणि साठा नोंदवही हे सारे दोन-तीन माणसांच्याच हातून जाते. यात सर्वाधिक जपायची गोष्ट म्हणजे टिपणी. मागील संदर्भ, आजची स्थिती, लागू असलेला नियम आणि नेमका प्रस्ताव या चार गोष्टी टिपणीत क्रमाने आल्या, तर विभागप्रमुखांपासून कुलसचिवांपर्यंत नस्ती (फाइल) कोठेही न अडता जाते; ‘आदेशार्थ सादर’ एवढेच लिहून पाठवलेली नस्ती मात्र प्रत्येक टेबलावरून शेरा घेऊन परत येते आणि तेवढे दिवस कोणाची तरी शिष्यवृत्ती किंवा मानधन थांबते. टिपणी अशी लिहावी की, उद्या आपली बदली झाली तरी ती वाचणाऱ्याला आपल्याला फोन करावा लागू नये.

अंतर्गत गुणांचे पत्रक वेळेत गेलेच पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 नुसार परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत आणि फार तर 45 दिवसांत निकाल लावणे विद्यापीठावर बंधनकारक आहे, आणि एका विभागाचे गुण अडले तरी त्या निकालाला खीळ बसते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवा, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांप्रमाणे त्यांना किमान 3 व कमाल 6 वर्षांचा कालावधी असतो आणि मुदत जवळ आल्याची आठवण वेळेवर करून देणारे बहुधा आपणच असतो. अग्रिमांचे, म्हणजे कामासाठी आगाऊ उचललेल्या रकमांचे, समायोजन मार्चपर्यंत लांबवू नका, इतकेच सांगते.

नावांच्या बाबतीत येथे विशेष काळजी घ्यावी लागते. एकाच वर्गात सात-आठ पाटील, तितकेच चौधरी आणि महाजन असतात. कधी नाव आणि आडनाव दोन्ही सारखी निघतात. त्यामुळे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि कायम नोंदणी क्रमांक लिहिल्याशिवाय कोणताही कागद नस्तीला लावू नये.

भाषेची भीती बाळगू नका, परंतु ऐकण्याची सवय लावा. अहिराणीत ‘कथा’ म्हणजे कोठे, ‘काबर’ म्हणजे का, ‘माले’ म्हणजे मला. रावेर-यावलकडच्या लेवा बोलीचा हेल निराळा आणि नंदुरबारच्या पाड्यांवरील मुलांची घरची भाषा भिली किंवा पावरी. प्रमाण मराठीत बोलताना ही मुले अडखळतात आणि अर्धेच सांगून गप्प होतात. त्यांना बसायला सांगा, पाणी द्या, मग विचारा. ज्येष्ठ सहकाऱ्यांना येथे नाना, आबा, आप्पा, बापू असे संबोधतात. त्यात सलगीइतकाच आदर असतो, म्हणून तुम्हीही निःसंकोच तसेच म्हणा.

राहण्याची सोय पाहताना वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. जेवणाचे हाल होणार नाहीत. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन कोणी तरी सहकारी तुम्हाला हाक मारेलच.

रजेचे वेळापत्रक करताना आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई हे दोन सण लक्षात ठेवा. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात. श्रावणात रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन असते, त्यामुळे त्या सोमवारी आमच्या कार्यालयातील बहुतेक स्थानिक भगिनींना रजा हवी असते. तो दिवस मी गेली अनेक वर्षे खिडकीवर स्वतः बसते, आणि गणपतीला मी गावी जाते तेव्हा माझ्या टेबलाची किल्ली त्यांच्याकडे असते.